तुझ्या ट्रंकेतला हिरवा खण

प्रिय आई,

आज सकाळी मी भांडायला निघालो होतो. कापडी थैलीत तुझा हिरवा खण होता. तो मीरा रोडच्या शांती नगरला नेऊन ताईच्या सासूबाईंपुढे ठेवायचा आणि विचारायचं, "काकू, एवढ्याशा खणावरच घेतलीत का माझ्या आईची गर्भपिशवी?" वाक्य मी पाठ केलं होतं. बस स्टॉपपर्यंत गेलोही होतो, पण तिथूनच परत आलो. का परत आलो, ते तुला सांगितल्याशिवाय मला आज ब्रश हातात धरता येणार नाही, म्हणून हे लिहितोय.

तुला वाचता येत नव्हतं, माहीत आहे. पण मी होडीवर नाव रंगवत असलो, की तू येऊन अक्षरांवरून बोट फिरवायचीस आणि मी ओरडायचो, "आई, ओलं आहे अजून!" आता खुशाल फिरव. हे पेन आहे, बोटाला काही लागणार नाही.

तू सगळ्यांना सांगायचीस, "आमच्या हरूला देवानी दोन डोले दिलं, आनि दोनी संशयाचं." घरातून निघताना मी गॅस दोनदा बघतो, कडी दोनदा ओढतो, त्याची तू नक्कल करून दाखवायचीस. गल्लीतल्या बाया हसायच्या. पण आई, मला एक सांग. ज्याच्या घरात इतकं सगळं त्याच्यापासून लपवलं जातं, त्यानं संशय घेऊ नये तर काय करावं?

प्रणालीताईचंच बघ ना. मी शाळेत होतो, बाबा नुकतेच गेले होते आणि तू ताईला घेऊन भाईंदरच्या डॉक्टरीणबाईंकडे खेपा घालत होतीस. मला सांगितलं, हिला अशक्तपणा आहे. कसला अशक्तपणा! ती माझ्यापेक्षा जड टोपली उचलायची. खरं काय ते मला कितीतरी वर्षांनी कळलं. तिला पाळी कधी आलीच नव्हती. तिच्या अंगात गर्भाशयच नव्हतं, जन्मापासून. बाकी सगळं धडधाकट होतं, अंडाशयसुद्धा. फक्त बाळ जिथे वाढतं, ती जागा नव्हती.

ताईनं हे अमोल भावोजींना लग्नाआधीच सांगितलं होतं आणि त्यांनी तरीही लग्न केलं, हे मी मान्य करतो. माणूस चांगला आहे. माझा राग त्यांच्या आईवर होता. लग्नातला तो प्रसंग तू विसरली असशील, मी नाही विसरलो. ताईची ओटी भरायची वेळ आली, तू तांदळाचं ताट घेऊन उठलीस आणि काकूंनी किती गोड आवाजात सांगितलं, "विहीणबाई, तुम्ही बसा हो, दमला असाल." मग ताट त्यांच्या कुठल्याशा चुलत जावेच्या हातात गेलं. विधवेनं ओटी भरू नये, विधवेची कुणी भरू नये. तू खुर्चीवर जाऊन बसलीस आणि पदर सारखा करत राहिलीस. मी रागानं जेवलो नाही, तर तू माझ्यासमोर दोन जिलब्या खाल्ल्यास आणि म्हणालीस, "अपमान माजा झाला, तू कशाला उपाशी रातोस?"

आणि त्याच बाईला पुढे तुझी पिशवी चालली! ओटीला तू नको, पण ओटीपोटातलं हवं. माझा संशय इथून सुरू झाला. चुकीचा होता का ग?

ते सगळं पहिल्यांदा भावोजींनीच सांगितलं होतं. आईचं गर्भाशय काढून मुलीला बसवतात, बाळ झालं की पुन्हा काढून टाकतात. मला वाटलं, मोबाइलवर येतात तसल्या थापांपैकी एक असेल. तू मात्र मासळी निवडता निवडता थांबलीस. म्हणालीस, "माजी पाली तर कवाच गेली. ती सुकलेली पिशवी कोनाला चालंल?" भावोजी म्हणाले, "चालते आई. गोळ्या देऊन आधी तपासतात." तू पुन्हा मासळी निवडायला लागलीस. पण तुझा हात हळू चालत होता. ते मी बघितलं होतं.

त्यानंतर एका दुपारी काकू आपल्याकडे उत्तनला आल्या. एकट्याच. मी खाली किनाऱ्यावर एका होडीचं नाव रंगवत होतो. कुणीतरी येऊन सांगितलं, तुमच्याकडे मीरा रोडच्या विहीणबाई आल्यात. मी ब्रश धुऊन वर आलो, तर दार आतून बंद! आपल्या गल्लीत दिवसाढवळ्या दार कोण लावतं? मी वाजवलं. बराच वेळ कुणी उघडलं नाही. मग काकू बाहेर आल्या, डोळे लाल, माझ्याकडे न बघता चपला घालून गेल्या.

आत देव्हाऱ्यापुढे चार तांदूळ पडले होते. उंबऱ्याजवळ आणखी काही. तुझं कपाळ घासल्यासारखं लालसर दिसत होतं.

"काय बोलल्या?"

"काय न्हाय. ऊन लय होता. पानी पिऊन गेली."

"दार कशाला लावलं होतं?"

"मांजर येते."

आई, आपल्याकडे मांजर खिडकीतून येते!

दोन दिवसांनी तू खोबऱ्याच्या वड्या केल्यास. ना सण, ना वार. मी विचारलं, नारळ कुठून आला? तर म्हणे, "झाडावरून. तू कुटून आलास?" पहिली वडी तू स्वतः खाल्लीस आणि दुसरी माझ्या तोंडात कोंबलीस, म्हणजे पुढचा प्रश्न येऊ नये. आणि त्याच रात्री जेवताना सांगितलंस, "मी प्रणालीला पिशवी देनार हाय."

झालं! माझ्या डोक्यात सगळं जुळलं. बंद दार, रडलेली बाई, तांदूळ, नारळ. काकूंनी येऊन तुला कशाची तरी शपथ घातली असणार. देवापुढे तांदूळ ठेवून वचन घेतलं असणार. नातू पाहिजे, नाहीतर मुलीला परत पाठवतो, असं काहीतरी. मी तुला किती वेळा विचारलं! तू दर वेळी म्हणालीस, "मना कोनी काय बोलला न्हाय."

ऑपरेशनला परवानगी देणाऱ्या हॉस्पिटलच्या त्या कमिटीपुढेही तू हेच म्हणालीस. आठवतं? लांबलचक टेबल, समोर कॅमेरा आणि तुझ्याशेजारी मी. चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, "मावशी, कोणी जबरदस्ती केली आहे का? घाबरू नका, खरं सांगा."

"माज्यावर जबरदस्ती? बाई, तुमी एकदा बाजारात येऊन माजा भाव पाडून दाखवा, मंग विचारा."

सगळे हसले. मी हसलो नाही. मी माझे प्रश्न काढले. किती तास लागतील? आईच्या लघवीच्या नळीला धक्का लागतो का? रक्ताची गाठ झाली तर? नंतर आईला कोण तपासणार, की फक्त ताईलाच? डॉक्टरांनी एकेक उत्तर दिलं. मी त्यातलं एक पुन्हा विचारलं, तेव्हा तू त्यांना म्हणालीस, "सायेब, याला सोडा. याला आता गॅस बंद केला का बघाया घरी जायाचा असंल."

पण तू हसत असताना तुझी नजर एकदा दाराकडे गेली होती. दाराबाहेर बाकावर काकू बसल्या होत्या. तेही मी बघितलं होतं.

गोळ्या सुरू झाल्या आणि तुला पुन्हा पाळी आली. तू ते शेजारच्या रोझीमावशीला ज्या आवाजात सांगितलंस, तो मला भिंतीपलीकडे ऐकू आला. "रोझी, या वयात डागतरनी मना परत पोरगी केली ग!" तुम्ही दोघी खोकला लागेपर्यंत हसलात. मी लाजून बाहेर जाऊन उभा राहिलो. तेव्हा वाटलं होतं, जिला जबरदस्तीनं नेताहेत, ती असं हसते का? पण संशय एकदा बसला की तो असल्या गोष्टी बाजूला सारतो.

ऑपरेशनच्या दिवशी तुला आधी आत नेलं, मागून ताईला. तुझं ऑपरेशन जास्त लांबलं. काढणं बसवण्यापेक्षा अवघड असतं, असं एक सिस्टर म्हणाली. नंतर तुला ताप आला. लघवीची नळी बरेच दिवस ठेवावी लागली. त्या नळीची पिशवी पदराखाली झाकून तू वॉर्डात फिरायचीस आणि काचेपलीकडच्या ताईला हात दाखवायचीस. मग घरी आलीस, बरी झालीस, वलांडीच्या बांबूंवर बोंबील सुकत घालायला जायला लागलीस. मी ओरडलो, तर म्हणायचीस, बांबूवर बोंबील घालायला काय पिशवी लागते?

आणि एका सकाळी त्याच वलांडीखाली तू पडलीस. हातात बोंबील तसेच.

भाईंदरच्या डॉक्टरांनी हार्ट अटॅक सांगितलं. मी त्या मोठ्या हॉस्पिटलात जाऊन विचारलं, "त्या ऑपरेशनमुळे गेली का माझी आई?" डॉक्टर म्हणाले, "तसं म्हणता येणार नाही." मी विचारलं, "म्हणजे त्यामुळे नाही, की तुम्हाला माहीत नाही?" मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला हात नको होता, उत्तर हवं होतं. ते मला अजून मिळालेलं नाही आणि बहुतेक मिळणारही नाही.

तुला नेलं तेव्हा ताई लांब उभी होती. तोंडाला मास्क, भावोजींनी दंड धरलेला. तुझी पिशवी तिच्या शरीरानं परकी म्हणून टाकून देऊ नये, यासाठी तिला गोळ्या असतात, त्यात कसलाही आजार चटकन लागतो, गर्दीत जायची बंदी. मला हे सगळं माहीत होतं. तरी बाया कुजबुजल्या, "बघा, घेऊन झाला, आता हात पन लावत न्हाय," आणि ते मला खरं वाटलं. मी तुला अग्नी दिला. आणि अग्नी देताना एकच विचार डोक्यात होता. ही सगळी आई नाही. थोडी आई तिकडे मास्क लावून उभी आहे.

तेव्हापासून मी शांती नगरला पाय ठेवला नाही. ताईच्या पोटात ठेवलेला पहिला गर्भ टिकला नाही, ते फोनवर कळलं. दुसरा टिकला, तेही फोनवरच. आता सातवा महिना चाललाय. परवा तिचा फोन आला.

"हरू, रविवारी डोहाळजेवण आहे. गर्दी नाही, घरातलेच."

"बरं."

"बरं काय? माझं माहेर म्हणून तूच आहेस. येणार ना?"

"बघतो. काम आहे."

"रविवारी कोण होडी रंगवतं रे?" शेवटी म्हणाली, "मामा म्हणून नको येऊस. आईला भेटायला ये."

मी फोन ठेवला. आई, असं बोलून मला कोंडीत पकडायला ती तुझ्याकडूनच शिकली.

रविवारी न्यायला तुझी एखादी साडी मिळते का म्हणून काल ट्रंक उघडली. तळाशी हा खण. कोरा, घडीसुद्धा न मोडलेला, हिरवागार. बाबा गेल्यापासून तू हिरवं अंगाला लावलं नाहीस. मग हा कुणी दिला? त्या दुपारी कोण आलं होतं? मला उत्तर सापडलं असं वाटलं. वचन घेतलं, वर भेट दिली. तो खण थैलीत घालून आज सकाळी मी निघालो.

स्टॉपजवळच्या वलांडीवर रोझीमावशी बोंबील घालत होती. तिनं लांबूनच आवाज दिला.

"काय रे, ओटीचा खन घेऊन कुटं चाललास?"

"कसला खण?"

"थैलीतून लोंबतंय ते काय मंग? तुज्या आयच्या ओटीतला न्हाय का तो?"

मी म्हणालो, "मावशी, बाबा गेल्यावर माझ्या आईची ओटी कोण भरणार होतं?"

तिनं हातातले बोंबील खाली ठेवले. "म्हंजे तुना म्हाईतच न्हाय?" मग लगेच, "बस हितं. आनि हात चालव, रिकामा ऐकू नको."

मी जोडीनं टांगायला बोंबलाच्या जबड्यात बोंबलाचा जबडा अडकवत राहिलो आणि ती बोलत राहिली.

त्या दुपारी ती मागच्या दारानं मीठ मागायला आली होती आणि स्वयंपाकघरात अडकली होती. काकू मागायला आल्या नव्हत्या, आई. त्या नको म्हणायला आल्या होत्या! रोझीमावशीनं त्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. "विहीणबाई, पाया पडते. प्रणाली आहे तशी आमची आहे. मुलं दत्तक घेतील, नाहीतर नाही घेणार. माझ्या नातवासाठी तुमच्या पोटावर सुरी नको." आणि तू म्हणे त्यांच्यावरच तडकलीस, "तुमच्या नातवासाठी कोन करतंय? माजी पोर माज्याच पिशवीत घडली. तिच्यात जे र्‍हायला, ते माज्याकडंच र्‍हायला. तिचा तिला देते."

काकू म्हणाल्या, मुलीचं असं काही आईकडे राहून जात नसतं, डॉक्टरांना विचारा. तू ऐकलं नाहीस. मग काकूंनी विचारलं, घरात तांदूळ कुठे आहेत?

"तुज्या आयला वाटला, भात टाकतेय का काय ही!" रोझीमावशी हसली आणि तिनं डोळे पुसले. "ताट मीच दिला. नारल तुमच्याच घरातला. खन तिच्या पर्समदला, कुनाच्या तरी बारशाला द्यायाला घेतलेला. बारशाला गेलीच न्हाय ती. कुंकू लावला, तुजी आय मागं सरकली, बोलली, मना चालत न्हाय. तर ती बोलली, मी चालवते. आनि मंग ओटी भरली. तेवढ्यात तू दार वाजवलास, भुतासारखा."

कुंकू तू पदरानं पुसलंस. तांदूळ घाईत सांडले. देव्हाऱ्यापुढचे चार दाणे तू ठेवले होतेस. आणि त्या वड्या तुझ्या ओटीच्या नारळाच्या होत्या. त्यातली एक तू माझ्या तोंडात घातलीस!

"मग मला का नाही सांगितलं?"

"शप्पत घातली ना आमाला दोगींना! बोलली, सासूपन नको बोलते असा हरूला समजला, तर तो हास्पिटलच्या दारात आडवा पडंल."

पडलो असतो, आई. खरंच आडवा पडलो असतो.

म्हणजे मी ज्या बाईवर संशय घेतला, तिनंच तुला अडवलं होतं. मी तिच्याशी बोलणं टाकलं, आणि तिनं तुझी शपथ पाळून एकदाही मला कारण विचारलं नाही. आता माझा संशय कुठे गेला असेल, सांग? तुझ्यावर! तुझ्यावर जबरदस्ती तूच केलीस. ताईला जन्मतः जे मिळालं नाही, त्याचा दोष तू इतकी वर्षं स्वतःकडे ठेवून घेतलास आणि कुणाला दाखवला नाहीस. त्या चष्मेवाल्या बाईंनी सगळं विचारलं. हे कसं नाही विचारलं? आणि विचारलं असतं, तरी तू बाजारभावाचाच विनोद केला असतास ना?

तो दोष तुझा नव्हता ग. तू निदान एकदा डॉक्टरांना विचारायला हवं होतंस. मी विचारलं असतं. दोनदा विचारलं असतं.

आता पुढचं. बाळ झालं, की ती पिशवी ताईच्या पोटातून काढणार. म्हणजे तिच्या त्या गोळ्या सुटतील, तिची तब्येत सांभाळली जाईल. हे मला पटतं. पण ती काढली की तू दुसऱ्यांदा जाणार. याबद्दल मी अजून कुणाशी बोललो नाही. आज रोझीमावशीशी बोललो, तर तिनं मला तुझा शेवटचा विनोद सांगितला. गोळ्या चालू असताना तू तिला म्हणाली होतीस, "हरूचा भाचा हरूनी सोडलेल्या खोलीत र्‍हायाला येनार. खोली बघून घे बोलावा हरूला, गलते का काय!"

गळत नाही, आई. परवा ताई म्हणाली, बाळ लाथा मारतं. मीही मारायचो, असं तू सांगायचीस.

मी रविवारी जाणार आहे. रोझीमावशीला घेऊन जाणार आहे. ती विधवा आहे आणि ख्रिश्चन आहे आणि तिला ओटी भरता येत नाही, ती म्हणते, "मना चालत न्हाय." मी तिला सांगितलंय, काकू चालवतील. खण हाच न्यायचा. तो काकूंपुढे टाकणार नाही, त्यांच्या हातात देणार आहे, ताईच्या ओटीत घालायला. त्या काही बोलल्या तर बोलेन. नाही बोलल्या तर शेजारी बसेन.

आणि ऑपरेशनच्या दिवशी, बाळ बाहेर येईल तेव्हा आणि तू बाहेर येशील तेव्हा, मी दाराशी असेन. डॉक्टरांना सगळे प्रश्न विचारीन. ताईच्या तब्येतीचे आधी, तुझे नंतर. तुला पुढे कुठे नेणार, तेही विचारीन. या वेळी खांद्यावर हात ठेवला, तर ठेवू देईन, पण उत्तर घेऊनच घरी येईन. हे तुला वचन.

दुसरं वचन लहान आहे, पण मला जास्त जड जाणार आहे. रविवारी निघताना गॅस एकदाच बघेन.

तुझा,
हरू